पहिला हात

हिवरखेड, माघ वद्य पंचमी, शके १७८५

पार्बता, दादाचा आशीर्वाद घे. पत्र वाचून दाखवतील त्या कुर्बानभाईंले माझा सलाम.

इकडं आमी दोघं ठीक आहोत. पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली. यंदा कापसाले असा भाव आला आहे की ज्यानं जन्मात पायात जोडा घातला नाही, तो पागोट्याले जरीचा काठ लावून हिंडून राहिला. अमरावतीच्या बाजाराले निघालेला बंडीवाला चांदूर बाजारावरून जाणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो.

देवीदास तुझ्याकडं आला आहे काय? आला असेल तर त्याले रागावू नको, आणि याच बंडीवाल्याजवळ परतीचा निरोप धाड. सहा दिवस झाले, तो घरी नाही. गोष्ट लहान आहे, खेळावरून झाली.

आपल्या गावच्या पोरांचा आणि नदीपलीकडल्या पोरांचा आट्यापाट्यांचा डाव होता. पंच मी होतो. चार गावांचे लोक जमले होते. देवीदास पाट्या ओलांडत चालला होता आणि तिसऱ्या पाटीवर किसनराव पाटलांचा मुलगा जानराव उभा होता. पाटीवरल्यानं रेघ न सोडता हात लावायचा, ओलांडणाऱ्यानं हात चुकवून निघायचं, एवढाच तो खेळ. तुझ्या पोरानं जानरावाच्या तोंडावर ठोसा मारला. समोरचा दात पडला. मी देवीदासाले मैदानाबाहेर काढलं आणि दोन वर्षं या चार गावांच्या कोणत्याच डावात त्यानं उतरायचं नाही, असं सांगितलं. भाचा आहे म्हणून सोडता आलं नसतं. किसनराव सगळ्यांपुढं उठून म्हणाले की नत्थुजीच्या पंचकीत नातं चालत नाही. तुले ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

पंधरा वर्षांचं पोरगं आहे. राग उतरला की येईल. त्याची थाळी तुझी भावजय रोज मांडते.

दादा


हिवरखेड, चैत्र शुद्ध एकादशी, शके १७८६

पार्बता, तुझा निरोप कुर्बानभाईंच्या अक्षरात पोचला. चारच ओळी होत्या. पोरगा आला नाही, एवढ्याशा गोष्टीसाठी माझा पोरगा घर सोडत नाही, काय झालं ते नीट सांग. तुझा आवाज त्यात ऐकू आला.

नीट सांगतो. भाऊजी गेले तेव्हा देवीदासाले तू सात वर्षांचा माझ्या ओटीत घातला. आमाले पोर नाही. त्याले मी पोटच्यापरीस वेगळं पाहिलं नाही, आणि मैदानावर मात्र इतर पोरांहून त्याले जास्त धाक लावला. तो तिथं चांगला होता. पाय असे हलके की पाटीवरलं पोरगं डावीकडं झुकलं का हा उजवीकडून गेलेला असे.

पोरांले आवरायची माझी एक रीत आहे. चार गावांत मले त्यासाठीच बोलावतात. पोरगं चिडलं, शिवी दिली, धक्का दिला, तर पहिल्या वेळेस मी फक्त त्याचं नाव घेतो. मोठ्यानं नाही, त्याच्यापुरतं. दहातली आठ पोरं तेवढ्यानं थंड होतात. दुसऱ्या वेळेस निंबाखाली बसवतो, मैदानाकडं पाठ करून. तिसऱ्या वेळेस घरी. कोणावर हात उचलायचा नाही, बापाचं नाव काढायचं नाही, आणि शिक्षा सांगताना लोकांकडं पाहायचं नाही.

त्या दिवशी देवीदासाचं नाव मी घेतलं नाही. निंबाखालीही बसवलं नाही. एकदम तिसरं केलं, आणि वरून दोन वर्षं. रक्त पाहून लोक उठले होते. यंदा पोरांचे बाप पैजा लावून येतात, रेघेपाशी उभं राहून पोरांच्या नावानं ओरडतात, आणि हरलेल्या पोराले तिथंच झोडतात. पोरं आधीच तापलेली असतात. डाव लागायच्या आधी किसनराव मले सगळ्यांपुढं म्हणाले होते की मामा पंच आणि भाचा गडी, मंग न्याय कसा होईल? मी म्हणालो, माझं नातं मी मैदानाबाहेर ठेवून येतो.

जानरावानं आधी काही केलं काय, असं तू विचारतेस. धूळ फार उडत होती. मले काही दिसलं नाही.

देवीदासाचा पत्ता लागला आहे. अकोल्याले आगगाडीच्या पुलाचं काम चाललं आहे, तिथं तो दगड वाहतो, असं आपल्या गावच्या बंडीवाल्यानं पाहिलं. उन्हाळी नांगरट आटोपली की मी जातो आणि त्याले घेऊन येतो. तू निघू नको, उन्हाचे दिवस आहेत.

दादा


हिवरखेड, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७८६

पार्बता, अकोल्याहून काल आलो. एकटाच आलो.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढलं तुले समजेल. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. धूळ उडत होती हे खरं, पण मले दिसलं होतं.

जानराव पाटीवर खाली वाकला तेव्हाच मी ओळखलं. पाटीवरला गडी खाली वाकत नाही, त्याले पोरावरून नजर काढता येत नाही. त्यानं मूठभर माती उचलली आणि देवीदास जवळ येताच त्याच्या डोळ्यांत फेकली. देवीदास आंधळ्यासारखा दोन पावलं चालला, मंग त्याचा हात उठला. लोकांले तो हात तेवढा दिसला. दुसरा हात सगळ्यांले दिसतोच. पंच ठेवतात तो पहिला हात पाहायसाठी. नव्या पंचांले मी स्वतः हे शिकवलं आहे.

देवीदास डोळे चोळत माझ्यापुढं आला. गालावर चिखलाचे ओघळ उतरले होते. तो ओरडला नाही. म्हणाला, "मामा, तुमी पाह्यलं ना?"

मी म्हणालो, "म्या काही नाही पाह्यलं."

तो पुन्हा बोलायले लागला तर मी हात वर करून त्याले थांबवलं आणि शिक्षा सांगितली. सांगताना लोकांकडं पाहून राहिलो होतो.

जानरावाले बाहेर काढलं असतं तर किसनराव म्हणाले असते, पाहा, निघाला ना मामा. तेवढ्यासाठी, पार्बता. लाच नव्हती, भीती नव्हती. चार गावं मले काय म्हणतील, तेवढंच होतं. लोकांनी वाहवा केली आणि त्या दिवशी मले ती गोड लागली, हेही लिहून ठेवतो.

आता अकोल्याचं. नदीच्या पात्रात दगडांचे ढीग आहेत, हजारभर माणूस राबतं. दुपारच्या सुट्टीत मले देवीदास दिसला. वाळला आहे. डोक्यावर चुंबळ होती, तळहात सोललेले होते. मले पाहून उठला, पाया पडला, आणि फडक्यातली अर्धी भाकर मोडून माझ्यापुढं ठेवली. मले वाटलं, राग गेला.

घरी चाल म्हणालो. मामी थाळी मांडून बसते म्हणालो. बंदी उठवतो म्हणालो.

"बंदी नका उठवू," तो म्हणाला. "पाह्यलं तेवढं सांगा."

"कोणाले सांगू? तुले ठाऊक हाये, मले ठाऊक हाये."

"चार गावांपुढं नाही म्हनले तुमी. चार गावांपुढंच सांगा. मंग मी येतो."

रागानं बोलत नव्हता. मले बाजाराचा भाव सांगावा तसं बोलला. मी कबूल झालो. माघात पुन्हा डाव होईल, तेव्हा डाव लागायच्या आधी मैदानात उभं राहून सांगीन, असं त्याले वचन दिलं. माघच काहून, आताच काहून नाही, असं त्यानं विचारलं. पावसाळ्यात मैदान कुठी असते, असं मी म्हणालो. तेही खरंच आहे. पण मी दिवस पुढं ढकलून राहिलो होतो हे त्याले कळलं असावं, कारण त्यानं उरलेली भाकर फडक्यात बांधली. कामाची घंटा झाली तसा उठून गेला.

तुले हे सगळं कुर्बानभाईंच्या तोंडून ऐकावं लागेल, याची मले लाज वाटते. त्यांनी ते मनात ठेवावं.

दादा


हिवरखेड, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, शके १७८६

कुर्बानभाई, हे पत्र पार्बतेपुढं उघडलं असेल तर इथं थांबा. तुमच्या घरून जहाँआराभाभींले बोलावून तिच्याजवळ बसवा. मंग पुढं वाचा.

पार्बता, आपला देवीदास गेला.

श्रावण सरता सरता पुलावरच्या माणसांत पटकी शिरली. रोज दोन-तीन जात होते. देवीदासाले सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो राहिला. मले निरोप चौथ्या दिवशी मिळाला. वाटेत पूर्णा भरून आली होती, एक दिवस काठावर बसून काढला. मी पोचलो तेव्हा करायचं काही उरलं नव्हतं. नदीच्या काठी, वरच्या अंगाले, त्याले अग्नी दिला होता. जागा मले दाखवली. तिथं मी बसलो.

शेवटी त्याच्याजवळ बाळापूरचा रऊफ म्हणून पाथरवट होता. चाळिशीचा माणूस, स्वतःचं लेकुरवाळं घर असलेला. बाकीचे लांब सरले तरी तो सरला नाही. त्यानं त्याचं तोंड पुसलं, कपडे बदलले, आणि लाकडं मिळत नव्हती तर मुकादमाशी भांडून पुलाच्या फळ्या मिळवल्या. हा माणूस तुले कधी भेटला तर त्याच्या पाया पड. मी पडलो.

रऊफनं मले ओळखलं नव्हतं. तो म्हणाला, "पोरगं रोज सांगे, माघात माझा मामा येनार हाये, मी घरी जानार हाये. तुमी त्याचे कोन?"

मी त्याले म्हणालो, मामाच.

त्यानं मले त्याच्या खोपटात नेऊन बसवलं.

देवीदासाचं एक धोतर, एक सदरा आणि चुंबळीचं फडकं माझ्याजवळ आहे. पोळ्यानंतर त्याले एकदा पाहून येऊ, असं तुझी भावजय म्हणत होती. तिनं त्याच्यासाठी लाडू बांधून ठेवले होते. ती मले समजावते की पटकी तुमी आणली नाही, पटकी कोणाच्याही घरात जाते. मी ऐकतो. पण तो पुलावर माझ्यामुळं होता, आणि ज्येष्ठात परत आणता येत होता. दोन दिवसांत चार गावांच्या चावडीवर जाऊन सांगता आलं असतं. त्याले मैदान लागत नव्हतं.

मी तुझ्याकडं येऊ काय? तू म्हणशील तसं करतो.

दादा


हिवरखेड, वैशाख वद्य षष्ठी, शके १७८७

पार्बता, येऊ नका आणि पत्रही नको, असा तुझा निरोप कुर्बानभाईंनी धाडला होता. आठ महिने मी तो पाळला. हे एक पत्र लिहून राहिलो, कारण ते आणणाऱ्या पोराले तुझ्या दारात अनोळखी म्हणून उभं राहावं लागू नये.

माघात डाव झाला. मी गेलो नाही. पोटात दुखते असं सांगून निजून राहिलो. ज्याले वचन दिलं तो नाही, मंग सांगून काय, असं मनाले समजावलं. तुझ्या भावजयीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. संध्याकाळी मी उठून बसलो तेव्हा ती म्हणाली, "त्यानं तुमाले मागतलं काय होतं?" एवढंच.

मंग वैशाखात अखाजीच्या सणाले पुन्हा डाव ठरला. मी गेलो.

यंदा मैदानावर पहिल्यासारखी गर्दी नव्हती. समुद्रापलीकडल्या ज्या लढाईमुळं भाव चढला होता ती थांबली म्हणतात, आणि कापसाचा भाव असा बसला आहे की लोकांचं चित्त थाऱ्यावर नाही. जरीची पागोटी कुठी दिसली नाहीत. पैजा नव्हत्या. पोरं तेवढी होती, नेहमीसारखी उड्या मारत. मी मधल्या रेघेवर उभा राहिलो आणि लोकांले थांबायले सांगितलं.

मी सांगितलं की सव्वा वर्षामागं याच जागी जानरावानं देवीदासाच्या डोळ्यांत माती टाकली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि नाही म्हणालो. देवीदासाची शिक्षा खोटी होती. तो गेला, हे मी सांगितलं नाही. कबुली द्यायची आणि वरून कीव मागायची, असं व्हायले नको होतं.

मागून एकानं विचारलं, कोणता देवीदास? दुसऱ्यानं त्याले सांगितलं, तो नाही काय, नत्थुजीचा भाचा, दात पाडला होता तो. बरं बरं, तो म्हणाला. किसनराव एका खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "पोरांचा खेळ होता नत्थुजी, झालं गेलं. डाव लावा, ऊन चढून राहिलं."

पार्बता, मले शिव्या मिळतील, कोणी मारेल, पागोटं काढायले लावतील, या सगळ्याची मी तयारी करून गेलो होतो. ज्या चार गावांसाठी मी ते केलं, त्या चार गावांच्या लक्षातच नव्हतं. तेव्हाही त्यांनी एक दुपार वाहवा केली असेल आणि घरी जाऊन जेवले असतील. मी माझ्या जागी दुसऱ्या पंचाले उभं केलं आणि निघालो. पंचकी सोडली, हे वेगळं सांगायले नको.

गावाच्या अलीकडं मागून कोणीतरी पळत आलं. जानराव होता. डाव सोडून आला होता. आता सोळा-सतरा वर्षांचा झाला, मिसरूड फुटली आहे. तो माझ्या मागं मागं घरापर्यंत आला आणि ओट्यावर बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

मंग म्हणाला की माती त्यानंच टाकली, आणि बापाले ते दिसलं होतं. घरी गेल्यावर बाप हसला, म्हणाला, पंचानंच नाही पाह्यलं तर तू काहून रडतं. गेलं वर्षभर तो वाट पाहून राहिला होता की कोणीतरी त्याले विचारील. कोणीच विचारलं नाही. मंग त्यानं मले विचारलं, "देवीदास कुठी असतो आता? अकोल्याले ना? मी त्याले सांगून येतो."

मले सांगावं लागलं.

त्याच्या बापाहून आणि माझ्याहून ते पोरगं बरं निघालं. ते मोठ्यानं रडलं. तुझी भावजय आतून आली, त्याच्याजवळ बसली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिलेही रडू आलं. मी दोघांले पाहून राहिलो होतो. त्याले तिनं जेवू घातलं. थाळी कोणाची होती ते मी लिहीत नाही.

जाताना तो म्हणाला, "त्याच्या मायले सांगतो." मी नको म्हणालो. तुझं दुःख पुन्हा उकरायले मी कोणाले धाडणार नाही, असं सांगितलं. तो तीनदा आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "तुमी नका धाडू. मी जातो. घर तेवढं सांगा." बापानं त्याले बंडी दिली नाही, म्हणून तो पायी निघाला आहे. त्याले मी तुझं घर सांगितलं आणि हे पत्र दिलं.

तू त्याचं तोंड पाहावं, असं मी म्हणत नाही. दार लावून घेतलं तरी तुझा हक्क आहे, आणि तो ओट्यावर बसून परत येईल, एवढं त्याले मी सांगून ठेवलं आहे. पण पाच दिवसांचं ऊन अंगावर घेऊन आलेला असेल. आधी त्याले पाणी दे. मंग त्यानं जे केलं, त्याबद्दल तुले त्याले जे बोलायचं ते बोल. तो ऐकून घेईल.

माझ्या वाट्याचं मात्र त्याले बोलू नको. ते माझ्यासाठी ठेव. तू बोलावशील त्या दिवशी मी येईन आणि तुझ्यापुढं उभा राहून ते सगळं ऐकीन.

नत्थुजी